औषधाला दाद न देणारी बुरशी: मिरज-सांगलीत आयसीयूच्या दाराबाहेर विचारले जाणारे प्रश्न

मिरजेतल्या एका रुग्णालयात मी संसर्ग नियंत्रणाचं काम पाहते. आयसीयूच्या दाराबाहेर जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पार अथणीकडून आलेली माणसं सतरंजी टाकून बसलेली असतात. मी बाहेर आले की त्यातलं कुणीतरी उठतं आणि विचारतं, "सिस्टर, आमच्या अण्णांच्या रक्तात बुरशी झालीय म्हणत्यात. बुरशी भाकरीला येती, माणसाच्या रक्तात कशी यील?" खालचे प्रश्न असेच दारात, जिन्यात, औषधाच्या दुकानासमोर मला विचारले गेलेत. तिथे उत्तरं घाईत द्यावी लागतात, इथे सावकाश देते. तुमच्या पेशंटचं औषध आणि डोस मात्र त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टरच ठरवतील.

रक्तात बुरशी झाली म्हणजे नेमकं काय झालं?

भाकरीवरची, लोणच्यावरची बुरशी वेगळी. रुग्णालयात रक्तात जी सगळ्यात जास्त सापडते ती कँडिडा. ही यीस्टसारखी, एकेका गोल पेशीने वाढणारी बुरशी. धडधाकट माणसाच्या तोंडात, आतड्यात, कातडीवरही ती थोडीफार असते आणि काही त्रास देत नाही. आयसीयूत तिला मोकळं रान मिळतं. भारी अँटिबायोटिक दहा-पंधरा दिवस चाललं की आतड्यातले चांगले जिवाणूही मरतात, आणि वावर मोकळं पडलं की तण माजावं तशी कँडिडा माजते. त्यात पेशंटच्या मानेत सेंट्रल लाइन असते, म्हणजे कातडीतून थेट मोठ्या शिरेत जाणारी नळी. पोटाचं मोठं ऑपरेशन, डायलिसिस, वाढलेली शुगर, स्टिरॉइड, कॅन्सरची औषधं, शिरेतून दिलेलं अन्न, यातलं जितकं जास्त तितका धोका जास्त.

पेशंट बुरशीमुळे आयसीयूत आला असं क्वचितच होतं. तो दुसऱ्याच कशाने आलेला असतो आणि आठ-दहा दिवसांनी ताप पुन्हा चढतो. नातेवाइकांना तेव्हा वाटतं की इथे आणून चूक केली. ज्या नळ्यांनी आणि औषधांनी तोवर जीव तगवला, त्यांचीच ही दुसरी बाजू आहे. म्हणूनच त्यांचा हिशेब रोज ठेवावा लागतो.

"औषधाला दाद देत नाही" म्हणजे काय?

माझं माहेर तासगाव तालुक्यात, घरची द्राक्षबाग. त्यामुळे हा प्रश्न विचारणारा बागायतदार असला की मला सोपं जातं. भुरीवर, म्हणजे द्राक्षावरच्या पांढऱ्या बुरशीच्या रोगावर, एकाच गटाचं औषध सलग मारलं तर पहिल्यांदा मणी स्वच्छ होतात, दुसऱ्यांदा बरं वाटतं, आणि पुढे ब्लोअरने कितीही मारा, पांढरी भुकटी हटत नाही. औषधात खोट नसते. पहिल्या फवाऱ्यांत नाजूक भुरी मेली, चिवट तेवढी उरली, आणि पुढची सगळी पिलावळ त्या चिवटाची. पेशंटच्या अंगातही हेच होतं. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध अर्धवट, उगाच किंवा फार दिवस दिलं गेलं की त्याला न जुमानणाऱ्या बुरश्या मागे उरतात. काही बुरश्या तर जन्मतःच एखाद्या औषधाला दाद देत नाहीत. कँडिडा क्रुसेई ही फ्लुकोनॅझोलच्या बाबतीत तशीच.

चिवट माणूस होत नाही, चिवट होते ती बुरशी. "आमच्या आईला औषधं लागू पडत नाहीत, तिचं अंगच तसलं" असं कुणी म्हणालं की मी थांबवते. आईच्या अंगाचा त्यात दोष नाही.

कँडिडा ऑरिसची एवढी धास्ती का?

ऑरिस ही कँडिडाचीच एक जात. तिची पहिली नोंद 2009 मधली, जपानची. टोकियोतल्या सत्तर वर्षांच्या एका बाईंच्या कानातून ती मिळाली. लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कान, म्हणून हे नाव. पुढे काही वर्षांतच ती दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, भारत अशा एकमेकांपासून लांबच्या ठिकाणी जवळजवळ एकाच काळात वर आली. दिल्लीतल्या रुग्णालयांतल्या रुग्णांमध्ये ती आढळल्याचं 2013 मध्ये छापून आलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये धोकादायक बुरश्यांची पहिली यादी काढली. तीत 19 नावं आहेत आणि सगळ्यात वरच्या गटात चार: क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कँडिडा ऑरिस, अस्परजिलस फ्युमिगॅटस आणि कँडिडा अल्बिकन्स.

धास्ती तीन गोष्टींची. पहिली म्हणजे औषधं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या माहितीप्रमाणे तिथे तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे 90 टक्के फ्लुकोनॅझोलला, सुमारे 30 टक्के अँफोटेरिसिन बी ला, तर 5 टक्क्यांहून कमी एकायनोकँडिन गटाला दाद देत नव्हते. ही औषधं कोणती ते पुढे सांगते. दुसरी, ती माणसाच्या कातडीवर, विशेषतः काखेत आणि जांघेत, महिनोन्‌महिने मुक्काम करते. तिसरी मला सगळ्यात त्रास देणारी: ती कॉटच्या दांडीवर, बीपीच्या पट्ट्यावर, सलाइनच्या स्टँडवर कित्येक दिवस, कधी आठवडेही जिवंत राहते. बाकीची कँडिडा बहुतेकदा पेशंटच्याच अंगातली असते. ही एका पेशंटवरून दुसऱ्यावर जाते.

बहुतेक बुरश्यांना माणसाच्या अंगाची ऊब सोसत नाही, आणि तेच आपलं मोठं संरक्षण आहे. ऑरिस मात्र 42 अंशांतही वाढते. तापत्या हवामानाने तिला ही सवय लावली असावी, असा काही शास्त्रज्ञांचा कयास आहे. 2021 मध्ये भारतीय संशोधकांना ती अंदमानच्या किनाऱ्यावर आणि खाजणात सापडली, म्हणजे रुग्णालयाबाहेर निसर्गातही तिचं घर आहे.

बुरशीवर औषधं इतकी कमी का?

जिवाणू आपल्यापेक्षा फार वेगळे असतात, त्यामुळे आपल्याला धक्का न लावता त्यांना मारणं सोपं. बुरशीची पेशी मात्र आतून आपल्या पेशीच्या बरीच जवळची. फरक थोडेच, आणि औषध त्या थोड्या फरकांवरच बेतावं लागतं. बुरशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल असतं. ते तयार होऊ न देणारी ती अ‍ॅझोल औषधं, फ्लुकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल यांतलीच. त्याच अर्गोस्टेरॉलला चिकटून आवरण फोडणारं अँफोटेरिसिन. आणि बुरशीच्या बाहेरच्या भिंतीवर घाव घालणारी एकायनोकँडिन: कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन, अ‍ॅनिड्युलाफंजिन. गंभीर पेशंटसाठी मुख्य गट एवढेच, तीन. दोन गट निकामी झाले की उरतो एक.

आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं गेलं होतं. मातीतल्या जीवाणूंतून असं औषध मिळवणारे लोक आपल्या राज्यात होते, हे मी नव्या मुलींना आवर्जून सांगते.

ऑरिस पसरते कशी? आम्ही तर कुणाला शिवलोसुद्धा नाही.

हातांवरून पसरते. आमच्या हातांवरून, तुमच्या हातांवरून, आणि हात लावून पुढे नेलेल्या वस्तूंवरून.

एक दुपार सांगते. जनरल वॉर्डात एक मावशी नवऱ्याचे पाय चेपत होत्या. शेजारच्या कॉटवरच्या आजोबांजवळ कुणी नव्हतं आणि ते पाणी मागत होते. मावशी उठल्या, आजोबांची मान उचलून त्यांना पाणी पाजलं, पदराने त्यांचं तोंड पुसलं, उशी नीट केली आणि पुन्हा नवऱ्याचे पाय चेपायला बसल्या. आपल्याकडे माणूस असंच वागतो आणि त्यांना रागावणं मला कधीच जमणार नाही. पण त्या दोन मिनिटांत मावशींचे हात दोन पेशंट, दोन चादरी, एक तांब्या आणि एक पदर यांना लागले. मी त्यांना कॉटला अडकवलेली सॅनिटायझरची बाटली दाखवली. म्हटलं, पाणी जरूर पाजा, फक्त जाताना एकदा आणि येताना एकदा हे हातावर चोळा. पुढे त्या बाकीच्या बायकांनाही बाटली दाखवू लागल्या.

हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलचं सॅनिटायझर पुरतं. हात चिकट, ओले, मळलेले असतील तर साबण-पाणीच. बांगड्या कोपराकडे सरकवून मनगटापर्यंत हात धुवायचे. हातमोजे घातलेत म्हणून कुणी स्वच्छ होत नाही. तेच मोजे घालून या कॉटवरून त्या कॉटवर जाणारा माणूस उघड्या हातांच्या माणसाइतकाच धोक्याचा. असं कुणी करताना दिसलं, अगदी आमच्यापैकी असलं तरी, बिनधास्त टोका.

मोबाइल हाही एक हातच समजा. उशीखाली ठेवलेला, पेशंटच्या कानाला लावून "बोल की बाबांशी" म्हणून धरलेला, मग खिशात.

आणखी एक, जरा नाजूक. गोंदवल्याहून, आपापल्या गावच्या देवळातून अंगारा आणतात. श्रद्धेच्या आड मी येत नाही. अंगारा कपाळाला लावा. मानेतल्या नळीच्या आसपास, ड्रेसिंगवर, तोंडातल्या व्हेंटिलेटरच्या नळीपाशी मात्र अजिबात नको. मनगटातला दोरा कुजट ओला झाला असेल तर तो उशाशी पुडीत बांधून ठेवा आणि घरी गेल्यावर नवा बांधा.

मग सगळ्यात महत्त्वाचं काय? औषध कुठलं चांगलं?

औषधाचं पुढे सांगते. आधी नळी.

तुमच्या घरी गच्चीवर पाण्याची टाकी असेल तर आत हात घालून पाहा, कडेने बुळबुळीत थर लागतो. नुसतं पाणी ओतून तो निघत नाही, घासावा लागतो. बुरशी नळीच्या आत असाच थर धरते. त्या थरात बसलेल्या बुरशीपर्यंत औषध नीट पोचत नाही. वरून औषध चालू, रक्तातली बुरशी मरते, आणि नळीतून नवी सुटत राहते. म्हणून रक्तात कँडिडा सापडली की सेंट्रल लाइन काढता येत असेल तर लवकर काढतात, आणि गरज असेल तर दुसऱ्या जागी नवी घालतात. "एवढी भारी नळी घातली आणि लगेच काढली, आता पुन्हा पैसे" असं वाटतं खरं. तो खर्च वाया गेलेला नसतो.

त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे नळी गरजेपेक्षा एक दिवसही जास्त न ठेवणं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी जिथे होते तिथे एका आजोबांची सेंट्रल लाइन, तिच्यातून जाणारं शेवटचं औषध बंद झाल्यावरही तशीच राहिली. उद्या पुन्हा लागली तर, असं प्रत्येकाला वाटलं. रोज तिचं ड्रेसिंग मीच करत होते, आणि "ही कशासाठी आहे?" हे मीही विचारलं नाही. आजोबांना ताप भरला, रक्तात कँडिडा निघाली. ते वाचले, पण दोन आठवड्यांचं औषध आणि घरी जायची लांबलेली तारीख त्यांच्या नशिबी आली. तेव्हापासून राउंडला मी प्रत्येक पेशंटपाशी एकच प्रश्न विचारते, आणि तोच तुम्हालाही देते: "डॉक्टर, ही नळी आज अजून लागतीय का?" मानेतली, लघवीची, नाकातली, प्रत्येक नळीसाठी वेगळा विचारा.

असं विचारलं तर डॉक्टर रागावणार नाहीत?

कुणी गडबडीत असेल तर तुटक उत्तर देईल. विचारा तरी. आवाज न चढवता, राउंडच्या वेळी, घरातल्या एकाच माणसाने. पाच जणांनी पाच वेळा विचारलं की उत्तर देणाराही कावतो. बऱ्याच डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो, हे मी पाहिलंय.

रिपोर्टला इतके दिवस का लागतात?

रक्ताची बाटली मशिनमध्ये ठेवतात आणि बुरशी वाढायची वाट पाहतात. कँडिडा बहुधा एक ते तीन दिवसांत वाढते. मग ती प्लेटवर घेतात. प्लेटवर फिकट, लोण्याच्या थेंबासारखे ठिपके उमटतात आणि झाकण उघडलं की पाव आंबवल्याचा वास येतो. त्या ठिपक्यांतून जात ओळखायची आणि कुठलं औषध चालेल ते पाहायचं, यात आणखी एक-दोन दिवस जातात. जात ओळखणं सोपं नाही. नेहमीच्या काही यंत्रांवर ऑरिसची गल्लत कँडिडा हिम्युलोनीशी झालेली आहे. माल्डी-टॉफ नावाचं यंत्र तिला नीट ओळखतं, म्हणून शंका आली की नमुना ते यंत्र असलेल्या लॅबला पाठवतात.

आणि खोलवरच्या कँडिडाच्या जवळजवळ निम्म्या पेशंटांमध्ये रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे या वाढवून पाहायच्या तपासणीत, काहीच वाढत नाही. त्यामुळे पेशंटची अवस्था पाहून डॉक्टर कधीकधी रिपोर्टच्या आधीच औषध सुरू करतात. त्याला अंदाजपंचे म्हणू नका. उशीर झाला तर जीव जातो.

लघवीत कँडिडा आली, तरी औषध का देत नाहीत?

लघवीची नळी असलेल्या पेशंटच्या लघवीत, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या थुंकीत कँडिडा नेहमीच दिसते. ती तिथे नुसती राहते, आजार करत नाही. नळी काढली की बहुधा आपोआप जाते. तिथे औषध दिलं तर फायदा काही नाही, चिवट बुरशी मात्र तयार होते. याला अपवाद आहेत: फार कमी वजनाची बाळं, पांढऱ्या पेशी खूप उतरलेले पेशंट, लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन होणार असलेले. "रिपोर्टात आलंय, मग औषध का नाही?" असा आग्रह धरू नका. औषध न देणारा डॉक्टर इथे जास्त काळजीने वागत असतो.

पेशंटला वेगळ्या खोलीत का हलवलं? आम्हाला भेटू देतील का?

ऑरिस मिळाली असेल तर वेगळी खोली, दारावर पाटी, आत जाताना गाऊन आणि मोजे, पेशंटसाठी वेगळा थर्मामीटर आणि वेगळा बीपीचा पट्टा. भेटता येतं. धडधाकट माणसाला तिचा आजार होणं फार दुर्मिळ आहे. येताना-जाताना हात स्वच्छ करा, कॉटवर बसू नका, इथून उठून दुसऱ्या पेशंटकडे जाऊ नका. खोलीला वाळीत टाकल्यासारखं वागवू नका, आतल्या माणसाला ते कळतं.

खोली फिनेलने पुसून भागत नाही. रुग्णालयात सर्रास वापरली जाणारी क्वाटर्नरी अमोनियमची द्रावणंही ऑरिसवर भरवशाची नाहीत. क्लोरीनचं, म्हणजे हायपोक्लोराइटचं ताजं द्रावण किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं, आणि पुसल्यावर ठरलेला वेळ पृष्ठभाग ओला राहावा लागतो. लगेच कोरड्या फडक्याने पुसून काढलं तर सगळी मेहनत फुकट. सफाई करणाऱ्या आमच्या मावशी-मामांना हा ओला राहण्याचा वेळ समजावून सांगणं, हा माझ्या नोकरीचा मोठा भाग आहे. ते नीट समजलेली एक मावशी चार महागड्या औषधांच्या तोडीची असते.

शुगर असताना ग्लुकोजचं सलाइन का लावलं?

हा प्रश्न अँफोटेरिसिन चालू असलेल्या प्रत्येक मधुमेही पेशंटच्या घरचे विचारतात, आणि बरोबर विचारतात. अँफोटेरिसिन साध्या मिठाच्या सलाइनमध्ये घातलं तर फाटलेल्या दुधासारखं खाली बसतं. ते डेक्स्ट्रोजमध्येच चालतं. त्या हिशेबाने इन्सुलिन दिलं जातं.

हे औषध जुनं आणि दमदार, पण मूत्रपिंडाला त्रास देणारं. चढताना थंडी वाजून हुडहुडी भरू शकते, ते पाहून घाबरू नका, सिस्टरला हाक मारा. रोज क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासतात ते याचसाठी. "रोज रोज रक्त काढत्यात" ही तक्रार मला समजते, पण त्या तपासणीवरच पुढचा डोस ठरतो. लायपोसोमल प्रकारात मूत्रपिंडाचा त्रास कमी, किंमत जास्त. व्होरिकोनॅझोल चालू असताना काही पेशंटना नजरेसमोर रंग वेगळे दिसतात, झगमगतं, बहुधा ते तात्पुरतं असतं. अ‍ॅझोलची गोळी चालू असेल आणि पेशंट रक्त पातळ करायची, झटक्याची (फिटची) किंवा हृदयाची औषधं घेत असेल तर प्रत्येक गोळीचं नाव डॉक्टरांना सांगा. आयुर्वेदिक काढाही सांगा.

रक्तातल्या कँडिडासाठी साधारणपणे आधी एकायनोकँडिन देतात. रक्ताचं कल्चर स्वच्छ आल्यावरही पुढे 14 दिवस औषध चालतं. ताप उतरला म्हणून थांबवायचं नसतं. डोळे तपासणारे डॉक्टरही बोलावतात, कारण कँडिडा डोळ्याच्या पडद्यावर जाऊन बसते.

हा खर्च कसा झेपायचा?

पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा. शेवटच्या बिलाच्या दिवशी विचारून उपयोग होत नाही. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा की ऐपत इतकी आहे. जेनेरिक चालेल का, सिव्हिलला हलवणं शक्य आहे का, हे विचारण्यात कमीपणा नाही. पैसे संपले म्हणून औषध मधेच गुपचूप बंद करणं, दोन डोसांमधला वेळ वाढवणं, हे मात्र करू नका. अर्धं औषध बुरशीला शिकवून जातं.

2021 ची काळी बुरशी तीच का ही?

ती म्युकर, जात वेगळी. त्या उन्हाळ्यात अँफोटेरिसिनच्या एकेका कुपीसाठी लोकांनी कोल्हापूर-पुणे पालथं घातलं, ते चेहरे मी विसरलेले नाही. जून 2021 अखेरपर्यंत देशात 40 हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली होती. करोना, बेसुमार स्टिरॉइड आणि हाताबाहेर गेलेली शुगर यांनी तिला वाट करून दिली. म्युकर फ्लुकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोलला मुळातच दाद देत नाही, म्हणून सगळा भार अँफोटेरिसिनवर आणि मेलेला भाग कापून काढण्यावर पडला. काळा असतो तो हा मेलेला भाग, बुरशी काळी नसते. ती माणसाकडून माणसाला होत नाही.

आमच्या द्राक्षबागेतल्या फवाऱ्यांचा याच्याशी काही संबंध आहे का?

कँडिडाशी नाही म्हटलं तरी चालेल. अस्परजिलसशी मात्र आहे, आणि हे आपल्या जिल्ह्यात प्रत्येक बागायतदाराला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

अस्परजिलस ही मातीत, कुजलेल्या पाल्यात, कंपोस्टात राहणारी बुरशी. तिचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासातून घेतो आणि काही होत नाही. ब्लड कॅन्सर, अवयव बसवलेला पेशंट, जुना टीबी होऊन फुप्फुसात पोकळी राहिलेला माणूस, यांच्या फुप्फुसात ती घर करते. तिच्यावरची मुख्य औषधं व्होरिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, पोसाकोनॅझोल. आणि आपण भुरीवर काय मारतो? हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल, मायक्लोब्युटानिल. नावं शेजारी ठेवून वाचा. एकाच कुळातली औषधं, घाव घालण्याची जागाही एकच. भुरीवर मारलेलं औषध जमिनीवर, पाल्यावर पडतं आणि तिथल्या अस्परजिलसलाही लागतं. मरणारी मरते, चिवट उरते.

नेदरलँड्समध्ये डॉक्टरांना असे पेशंट भेटले की ज्यांनी आयुष्यात अ‍ॅझोलची एक गोळी घेतली नव्हती, आणि तरी त्यांच्या फुप्फुसातली अस्परजिलस अ‍ॅझोलला दाद देत नव्हती. माग शेतीपर्यंत, फुलांच्या कंदांच्या कचऱ्यापर्यंत गेला. त्याच प्रकारचा जनुकीय बदल असलेली अस्परजिलस भारतीय संशोधकांनाही 2012 मध्ये भाताच्या शेतांतल्या आणि कुंड्यांतल्या मातीत सापडली.

फवारणी बंद करा असं मी म्हणणार नाही, फळछाटणीनंतरचे ते दिवस मी घरी पाहिलेत. गट बदलून मारा, शिफारशीपेक्षा जास्त मात्रा घालू नका, गरज नसताना "असू दे, एक हात" म्हणून मारू नका. कृषी अधिकारी हे भुरीसाठी सांगतात, आमच्या वॉर्डासाठीही ते तितकंच खरं आहे. घरात केमोचं किंवा किडनी बसवलेलं माणूस असेल तर त्याला कंपोस्टचा ढीग उकरायला, पालापाचोळा झाडायला लावू नका.

पुरानंतर भिंतींना बुरशी धरते, ती धोक्याची का?

2019 आणि 2021 च्या पुरानंतर सांगलीत, हरिपुरात, भिलवडीकडे घराघरांत कमरेपर्यंत भिंती काळ्या-हिरव्या झाल्या होत्या. निरोगी माणसाला खोकला, दमा, शिंका इतपत. वर सांगितलेल्या नाजूक पेशंटनी मात्र ते घर घासून, वाळवून होईपर्यंत दुसरीकडे राहावं. रुग्णालयातही बांधकाम, तोडफोड चालू असेल तर धूळ वॉर्डात येऊ नये म्हणून पडदे लावून बंदिस्त करतात, ते अस्परजिलससारख्या बुरशीसाठीच.

नायटा जाता जात नाही, तोही यातलाच?

चुलत भाऊ म्हणा. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी आपल्या देशात फोफावलीय, ती टर्बिनाफिनला बऱ्याचदा दाद देत नाही. दुकानातून आणलेल्या स्टिरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज लगेच थांबते आणि नायटा आतून पसरतो. मलम बंद करा आणि कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. घरात आणखी कुणाला असेल तर त्यांनाही सोबत न्या.

दही, ताक, इडलीचं पीठ बंद करायचं का?

नाही. खाणंपिणं डॉक्टरांनी सुरू केलं असेल तर ताक द्या. एकच सावधगिरी: जुलाबावर मिळणाऱ्या काही पुड्यांत सॅकरोमायसेस बोलार्डी हे यीस्ट असतं. सेंट्रल लाइन असलेल्या पेशंटच्या कॉटजवळ ती पुडी फाडली की भुकटी उडते, हाताला लागते, आणि त्या हाताने नळी धरली तर यीस्ट रक्तात जाऊ शकतं. घरून आणलेली अशी पुडी आयसीयूत उघडू नका.

पेटीत ठेवलेल्या बाळाला आईने हात लावायचा की नाही?

लावायचा. छातीशीही धरायचं, डॉक्टर सांगतील तेव्हा. कमी दिवसांच्या बाळांची कातडी कागदासारखी पातळ असते, म्हणून हात कोपरापर्यंत धुवून, अंगठ्या काढून. आईचं दूध बाळाच्या आतड्यात चांगले जिवाणू वसवतं आणि कँडिडाला जागा कमी उरते. दूध काढायची वाटी रोज उकळा.

खरं सांगा सिस्टर, वाचतील का?

ऑरिस रक्तात गेलेल्या पेशंटांपैकी 100 मागे 30 ते 60 दगावल्याचं जगभरच्या नोंदींत दिसतं. हे सगळे आधीच फार आजारी असतात, त्यामुळे कुणाला बुरशीने नेलं आणि कुणाला मूळ आजाराने, हे वेगळं काढणं कठीण. म्हणजे मोठ्या संख्येने लोक वाचतातही, आणि त्यांना चालत घरी जाताना मी पाहिलंय. जात लवकर कळली, नळी लवकर निघाली, योग्य औषध पहिल्या दिवसापासून मिळालं, तर पारडं आपल्या बाजूला झुकतं.

घरी सोडलं. आता वेगळं ताट, वेगळी खोली?

काही लागत नाही. ताट तेच, कपडे नेहमीसारखे साबणाने धुवून उन्हात वाळवा, नातवंडांना मांडीवर बसू द्या. पेशंटचं ड्रेसिंग, लघवीची पिशवी, डायपर करणाऱ्याने आधी आणि नंतर हात धुवावेत. घरात डायलिसिसचं किंवा केमोचं दुसरं माणूस असेल तर त्याचं आणि याचं काम एकाच हाताने, मधे हात न धुता करू नका.

कातडीवरची ऑरिस महिनोन्‌महिने राहते आणि ती घालवायचं खात्रीचं औषध नाही. म्हणून डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या पानावर "कँडिडा ऑरिस" असं ठळक लिहिलंय का ते निघण्याआधी पाहा, नसेल तर लिहून घ्या. पुढच्या वेळी कुठेही भरती करताना, मग ते इस्लामपूर असो, सांगली असो की पुणे, कार्ड फाइलच्या तळाशी न ठेवता हातात धरा आणि कॉट मिळण्याआधी सिस्टरला दाखवा.